सबील आणि सेबिल

इस्तंबूल म्हटलं की घुमट आणि मिनार डोळ्यांसमोर येतात. उमराहून परतताना आम्हीही तेच पाहायला तीन दिवस तिथे थांबलो. पण लोहाऱ्याहून गेलेल्या आम्हा बायकांची नजर पहिल्याच दिवशी अडकली ती पाण्यावर. २०१८ चा उन्हाळा यवतमाळकर कसा विसरेल? निळोणा आणि चापडोह आटले, टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रात्री काढल्या. अशा माणसाला आधी नळ दिसतो, नक्षी नंतर.

सुलेमानिया मशीद १५५७ मध्ये पूर्ण झाली. तिच्या भिंतीला लागून वुजूसाठी नळांची लांब रांग आहे. ही मशीद बांधणाऱ्या मिमार सिनान यांनीच शहराबाहेरचं पाणी उंच दगडी कमानींवरून, नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. घुमटाइतकंच हेही त्यांचं मोठं काम.

तोपकापी राजवाड्याच्या दरवाजासमोर सुलतान अहमद तिसरे यांनी १७२८ मध्ये बांधलेली एक देखणी इमारत आहे. चार बाजूंना नळ, चार कोपऱ्यांवर जाळीच्या खिडक्या. त्या खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट पाणी, कधी सरबत मिळायचं. गाईड म्हणाला, "याला सेबिल म्हणतात."

माझ्या नणंदबाई चटकन वळल्या. "भाभी, ही तर आपली सबील!"

खरंच, शब्द एकच. 'फी सबीलिल्लाह'मधला. मोहर्रममध्ये आपल्या मोहल्ल्यात लागते तीच सबील. हजारो मैलांवरच्या परक्या शहरात एकदम ओळखीचं कुणी भेटावं, तसं वाटलं.

मग मी विचारलं, पाणी देणाऱ्याला पगार कोण द्यायचं? उत्तर मिळालं, वक्फ. बांधणारा नुसती इमारत बांधून थांबत नसे. दुकानं, जमिनी वक्फ करून त्यांच्या उत्पन्नातून पगाराची आणि दुरुस्तीची सोय लावून जाई. आज मात्र शहरातल्या कितीतरी जुन्या सेबिली कोरड्या आहेत, काहींत दुकानं थाटली आहेत. दगड शाबूत आहे, पाणी नाही.

आपल्याकडेही औरंगाबादला मलिक अंबरची नहर होती, पाणचक्कीत दुरून मातीच्या नळांतून पाणी येई. पूर्वजांनी केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आपली सबील दहा दिवसांची. नंतर माठ पालथे पडतात आणि उन्हाळ्यात स्टँडवर माणूस पाण्याची बाटली विकत घेतो.

हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांनी आईच्या नावाने काय सदका करावा असं विचारलं, तेव्हा रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी पाणी सांगितलं. आपल्यालाही अम्मी-अब्बांच्या नावाने काही करावंसं वाटतं. मग एक माठ ठेवा, पण तो रोज धुणारा आणि भरणारा माणूसही ठरवा, त्याच्या महिन्याच्या पैशांची सोय लावा. जात-धर्म न विचारता जो येईल तो पिऊन जाईल. जारिया म्हणजे वाहतं राहणारं. सवाबही पाण्यासारखाच, वाहील तोवर.