दाजी माहुलला जातात

आमच्या दाजींना दाढी आहे, मिशा आहेत आणि भुवया तर इतक्या दाट, की नवा पाहुणा दारातच बिचकतो. दाजी म्हणजे आमचा कुत्रा. जात मिनिएचर श्नाउझर. उंची जेमतेम फूटभर, तोरा मात्र शाळातपासनिसाचा! जर्मन भाषेत ‘श्नाउत्से’ म्हणजे जनावराचे मुसकट. त्यावरूनच या जातीचे नाव पडले. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत ही लहान जात तयार झाली, ती शेतावरचे उंदीर मारण्यासाठी. वर तारेसारखे राठ केस, खाली मऊ लोकर. मुंबईच्या उकाड्यात हा सारा संभार वरचेवर कातरावा लागतो.

तो विंचरण्याचे काम मावशींचे. त्या घाटकोपरला आमच्याकडे कामाला येत आणि विद्याविहारला तानसा जलवाहिनीच्या कडेला राहत. २०१७ मध्ये त्यांचे घर पाडले गेले आणि माहुलच्या वसाहतीत खोली मिळाली. काम सुटले. दाजी रोज सकाळी दाराशी वाट पाहत बसू लागले. अखेर एका रविवारी आम्ही चेंबूरहून रिक्षा केली.

माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. खाडी, तिवरे, ओढून ठेवलेल्या होड्या. हिवाळ्यात चिखलावर रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. हे सारे पाहावे म्हणून आम्ही उत्सुक होतो. पण रिक्षा वळली, तेलाच्या अजस्र टाक्या दिसू लागल्या आणि दाजींना शिंकांवर शिंका सुरू झाल्या. आम्हीही रुमाल काढले.

मावशींना पाहताच दाजींनी रस्त्यातच लोळण घेतली. मावशी खालीच बसल्या. “किती गुंता झालाय माझ्या बाबाच्या दाढीत!” म्हणून बोटांनीच केस सोडवू लागल्या.

“चला ना लवकर,” सौभाग्यवती मला म्हणाली, “इथल्या हवेनं दाजी आजारी पडेल.”

मावशींची बोटे थांबली. “खरंय वहिनी,” त्या म्हणाल्या, “न्या त्याला.”

इथल्या हवेने रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटले होते. पुढे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने, माहुलला राहू न इच्छिणाऱ्या कुटुंबांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर भाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये द्या, असा आदेश दिला. पण त्या रविवारी यातले काहीच आमच्या ध्यानी नव्हते. परतताना चेंबूर आले, दाजींच्या शिंका थांबल्या. रिक्षात मात्र आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत नव्हतो.