पोटाची लोकर
आज एकतिसावा दिवस. कालपासून सशीण तोंडात गवताच्या काड्या धरून पिंजऱ्यात फेऱ्या मारत होती. हात लावला की गुरगुरायची. मला वाटलं, पुन्हा खोटंच गाभणपण. मागे सतराव्या दिवशीच तिने असा संसार मांडला होता, आणि पिल्लू एकही नाही.

पहाटे पाहिलं तर खोक्यात तिच्याच पोटाची उपटलेली लोकर, आणि ती हलतेय! आत सहा पिल्लं. उघडी, गुलाबी, डोळे मिटलेली. ते उघडायला दहाएक दिवस लागतील. सशीण मात्र लांब कोपऱ्यात निवांत. माझ्या आईने लगेच तिला निष्काळजी ठरवलं. ससे दिवसातून एकदा-दोनदाच, जेमतेम पाच मिनिटं पाजतात, हे आईला काही केल्या पटेना. दुपारपर्यंत खोक्याशीच बसून होती.