दुकानातली बाज

चोर विचारून येत नाही, हे कळायला एम. ए. व्हावे लागत नाही. पण तो केव्हा येईल, कशासाठी येईल, याचा आधीच विचार करून ठेवणे हा विषय माझ्या तरी अभ्यासक्रमात कधी नव्हता. तो निघाला माझ्या मेहुण्याच्या घरी, कारेगावात.

हे शिरूर तालुक्यातले गाव, रांजणगावच्या महागणपतीचे शेजारी. जवळ औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे नि फ्रिजचे कारखाने उभे राहिले आणि गावात भाड्याच्या खोल्या वाढल्या. मेहुण्याचे किराणा दुकान त्या खोल्यांवरच चालते. पगार झाला की गल्ला भरतो. आणि तो केव्हा भरतो हे गिऱ्हाइकाला कळते तसे चोरालाही कळते!

ऑक्टोबर २०२१ मध्ये याच तालुक्यात, पिंपरखेडला, बँक ऑफ महाराष्ट्रच्या शाखेत दरोडेखोर भर दिवसा शिरले नि पिस्तुलाच्या धाकाने सोने आणि रोकड घेऊन गेले. पुढे ते पकडले गेले. पण मेहुण्याची झोप काही परत आली नाही. त्या दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा स्वारी वही उघडून बसली होती. शटरला तिसरे कुलूप, चार कॅमेरे, आणि शेवटी नुसतेच 'आप्पा'.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय चौऱ्याहत्तर. रात्री दुकानात बाजेवर निजायचे, उशाशी काठी.

मी म्हटले, "पुण्यातली कॉसमॉस बँक १९०६ सालची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिचे चौऱ्याण्णव कोटी गेले. एकही कुलूप न तोडता!"

"म्हंजे कुलूप नकोच म्हणता, दाजी?"

"हवे की! पण जाण्यासारखे काय काय आहे, ते आधी लिही."

मग खरी यादी निघाली. गल्ला तर होताच. पैसे घेण्याच्या चौकोनी चित्रावर कुणी आपले चित्र चिकटवले, तर दिवसभराची विक्री परस्पर त्याच्या खात्यात! पण सर्वांत मोलाची निघाली उधारीची वही. ती गेली तर दुकानच गेले. भाचीने लगेच पानापानाचे फोटो काढले आणि काढता काढता विचारले, "चोर आला तर आप्पांनी काय करायचं?"

"ओरडायचं."

"आणि त्याच्याकडं पिस्तूल असलं तर?"

कुणी बोलेना. सासूबाई चकल्या तळत होत्या, त्यांचा झारा थांबला.

त्या रात्री वहीतून आप्पांचे नाव खोडले गेले. त्याजागी दोन ओळी आल्या : रोकड रोज संध्याकाळी बँकेत, आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेचा नंबर, ज्यावर एक फोन केला की गावातले सगळे फोन खणखणतात.

"मग मी काय करू?" आप्पांनी विचारले. त्यांची समजूत घालायला आम्हांला भाऊबीज उलटून जावी लागली.

आता ते घरी निजतात. निजतात म्हणजे, उशाशी नातीचा जुना मोबाइल असतो आणि रात्री दोनला उठून ते कॅमेऱ्यातून दुकान बघतात. बाज मात्र त्यांनी तिथून हलवू दिलेली नाही. ती रिकामी दिसली की त्यांना पुन्हा झोप येत नाही, असे सासूबाई सांगत होत्या.