समुद्र, तिसरा मजला, बजाजनगर

वीकेंडला छत्रपती संभाजीनगरला जाणारी पब्लिक काय बघते? वेरूळ, अजिंठा, बीबी का मकबरा. फारच उत्साह असेल तर पैठणला जाऊन पैठणी. मी मात्र मागच्या महिन्यात तिकडे गेले ती समुद्र बघायला. हसू नका! पुण्याहून नगर रोडने निघालात की शहर यायच्या आधीच वाळूज एमआयडीसी लागते. तिथे बजाजनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका टू-बीएचकेमध्ये हा समुद्र आहे. दोनशे लिटरचा.

मालक माझा मावसभाऊ. ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याचा फोन आला होता. ‘अगं, लेखबिख लिहितेस ना? मग यावर लिही. सहा बाटल्या आणल्या आणि सगळी वाट लागली.’

रस्त्यात प्रवरासंगमचा पूल लागतो. प्रवरा इथे गोदावरीला मिळते आणि समोर जायकवाडीचं बॅकवॉटर पसरलेलं दिसतं. जायकवाडी धरण 1976 मध्ये पूर्ण झालं. वाळूजचे कारखाने याच पाण्यावर चालतात. गोदामाई एरवी हे पाणी थेट बंगालच्या उपसागरापर्यंत नेते. दादाच्या घरी त्याला वाटेतच खारं व्हावं लागतं, एवढाच फरक.

वाळूजला टुरिस्ट स्पॉट कुणी म्हणणार नाही. 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूने पार्ट्स बनवणाऱ्या कंपन्या, कामगारांच्या वसाहती, मेस, मोबाइलची दुकानं असं सगळं उभं राहिलं. पंढरपूर नावाचं गावही इथेच आहे. आषाढीला ज्यांना खऱ्या पंढरपूरला जाता येत नाही, ते या छोट्या पंढरपूरच्या विठोबाला येतात. म्हणजे लांबची गोष्ट जवळ आणायची सवय या भागाला जुनीच आहे.

आता टँक. निळसर उजेड, दोन क्लाऊनफिश (‘फाइंडिंग निमो’ 2003 मध्ये आला, तेव्हापासून सगळे त्यांना निमोच म्हणतात), संथ डुलणारे लेदर कोरल आणि दगडांवर चिकटलेले मश्रूम पॉलिप. पाच मिनिटं बघत बसलात तर ईएमआय विसरायला होतो. पण माझी सात वर्षांची भाची एका रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होती. ‘आत्या, इथे माझी कोळंबी राहायची.’

झालं होतं असं. दुकानदाराने दादाला फंडा दिला की रीफ टँक म्हटलं की अ‍ॅडिटिव्ह्ज मस्ट. कॅल्शियम, बफर, मॅग्नेशियम, आयोडीन, स्ट्रॉन्शियम, ट्रेस एलिमेंट्स. दादाने सगळ्याच बाटल्या उचलल्या. घरी येऊन कॅल्शियमचं झाकणभर ओतलं आणि लगेच त्याच कोपऱ्यात बफर, तेही अंदाजपंचे. दोन मिनिटांत पाणी ताकासारखं पांढरं! सकाळी कोळंबी गेलेली.

हे पांढरं म्हणजे काय, ते तुमच्या बाथरूममध्येही आहे. गीझरच्या कॉइलवर थर बसतो ना, तोच कॅल्शियम कार्बोनेट. वाळूजमधला कुठलाही बॉयलर ऑपरेटर त्याला स्केल म्हणून शिव्या घालतो. गंमत म्हणजे दगडी कोरलचा सांगाडाही याच पदार्थाचा असतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट, यांच्यातून कोरल तो सावकाश रचतं. दोन्ही एकदम, एकाच जागी ओतलं की तेच काम कोरलऐवजी पाणीच उरकून टाकतं. मॅग्नेशियम हा मधला पंच. ते पुरेसं असलं की या दोघांची अशी घाईची युती सहसा होत नाही. आणि बफर भसकन पडला की पीएच एकदम वर जातो. नाजूक जिवांना तो धक्का सोसत नाही.

मग नेमकं लागतं तरी काय? दादाने आता फ्रीजवर तीनच आकडे चिकटवलेत. कॅल्शियम 400 ते 450 पीपीएम, अल्कलिनिटी 8 ते 10 डीकेएच, मॅग्नेशियम 1250 ते 1350 पीपीएम. खऱ्या समुद्रात हे साधारण 420, 7 आणि 1300 असतात. बाकी आयोडीनपासून स्ट्रॉन्शियमपर्यंत सगळी मंडळी चांगल्या रीफ सॉल्टमध्ये आधीच असतात. आठवड्याला वीस लिटर पाणी बदललं की त्यांचा हप्ता भरला जातो.

खरा ट्विस्ट पुढे आहे. अपघातानंतर दादाने टेस्ट किट आणलं, पाणी बदललं आणि महिनाभर बाटलीला हात न लावता नुसतं मोजलं. आकडे जवळजवळ हललेच नाहीत! कारण कॅल्शियम खातात ते दगडी कोरल. दादाकडे ते एकही नाही, आणि नसावंच. मालवणला स्नॉर्कलिंग करताना आपण जे बघतो (तिथलं सागरी अभयारण्य 1987 चं), ते दगडी कोरल 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीत. सी-फॅन आणि समुद्री घोडेही त्याच यादीत. दुकानात कुणी ‘आपल्याच समुद्रातलं आहे, घेऊन टाका’ म्हणालं तर तिथूनच परत फिरायचं. दादाच्या सॉफ्ट कोरलना दगडी सांगाडाच नाही. काचेवरचा गुलाबी शेवाळाचा थर आणि गोगलगाई काय थोडंफार कॅल्शियम घेतात तेवढंच. थोडक्यात, त्याला लागतच नव्हतं असं औषध तो पाजत होता.

‘कंपनीत मोजल्याशिवाय मी एक पार्ट पुढे सोडत नाही,’ दादा म्हणाला. ‘आणि घरी झाकणाने मापलं.’ त्यावर मी काही बोलले नाही. मीही व्हिटॅमिनच्या गोळ्या जाहिरात बघूनच घेते.

तुम्हालाही हा किडा चावलाय? मग दादाचे धडे घ्या.

एक. पहिली खरेदी बाटलीची नाही, टेस्ट किटची आणि रिफ्रॅक्टोमीटरची. सीएनसी मशीनवर कूलंट तपासतात तसंच हे यंत्र, फक्त खारटपणा दाखवणारं. तो 35 पीपीटीच्या आसपास हवा. जे मोजता येत नाही ते टाकू नका.

दोन. पाणी आरओ-डीआयचंच. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टँक भराभर आटतो, पण मीठ उडून जात नाही. त्यामुळे रोजची भर साध्या आरओ पाण्याची, खाऱ्या नव्हे. आणि स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे रीफ सॉल्ट नव्हे.

तीन. आकडे खरंच घसरत असतील तरच कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची जोडी घ्या. दोन्ही वेगवेगळ्या वेळी, वाहत्या पाण्यात, थोडं थोडं. अल्कलिनिटी दिवसाला 1 डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

चार. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, अल्कलिनिटीसाठी चालतो. बेकिंग पावडर अजिबात नाही. कॅल्शियम क्लोराइड घ्यायचं तर फूड किंवा लॅब ग्रेड. एमआयडीसीत गोणीने मिळतं म्हणून इंडस्ट्रियल उचलू नका.

पाच. परदेशी हॉबीवाले ज्याला कौतुकाने ‘काल्कवासर’ म्हणतात ती आपल्या आजीची चुन्याची निवळी! कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही एकत्र देते. पण पीएच 12 च्या घरात असतो, म्हणून रात्री थेंब थेंब सोडायची. चुनाही शुद्ध हवा. टपरीवरची डबी नको, नाहीतर चुना टँकला नाही, तुम्हालाच लागेल.

निघायच्या दिवशी सकाळी भाचीने मला वही दाखवली. कंपनीच्या लॉगबुकसारखे दादाने रकाने आखून दिलेत, आकडे ती भरते. तारीख, कॅल्शियम 430, अल्कलिनिटी 8.3, मॅग्नेशियम 1300. शेवटचा रकाना, ‘आज काय टाकलं?’ आणि खाली ओळीने, गोल गोल अक्षरात, पान संपेपर्यंत एकच उत्तर. ‘काही नाही.’

सहा बाटल्या कपाटावर धूळ खात आहेत. नवी कोळंबी पुढच्या आठवड्यात यायची आहे.