वंशावळ आणि जाळें

आमच्या वाशीमच्या घरीं माजघराच्या भिंतीवर आजोबांच्या हातची वंशावळ आहे. सात पिढ्यांचे पुरुष तींत ओळीनें बसले आहेत. मुलीचें नांव एकाहि ठिकाणीं नाहीं. पन्नाशी उलटेपर्यंत ही उणीव आमच्या ध्यानांतहि आली नव्हती, हें कबूल केलें पाहिजे.

वंशावळींचें वेड या गांवाला जुनेंच. वाशीम म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सांपडला आणि विद्वानांनीं आंखलेली त्या राजकुलाची आकृति बदलली. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील झिजलेल्या लेखांत पूर्वीं भलतेंच वाचलें गेलेलें एक नांव महामहोपाध्याय मिराशी यांनीं ‘सर्वसेन’ असें लाविलें. एका रेघेच्या जागीं दोन शाखा उभ्या राहिल्या. पण थोरल्या शाखेंत सून म्हणून आलेली, चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता, हिला वंशवृक्षांत कोठें बसवावयाचें? पुण्याच्या ताम्रपटांत तर तिनें सासरची नव्हे, माहेरच्या गुप्तांचीच वंशावळ कोरविली आहे! दोन राजकुलें तिच्यामुळें जोडलीं गेलीं. आणि वृक्षाला खोड असतें, पूल नसतो.

त्यासाठीं आकृतीच निराळी हवी. अमेरिकेंतील डॉक्टर मोरेनो यांनीं १९३४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, शाळेंतील कोणत्या मुलीस कोणाचा सहवास हवासा वाटतो, हें अशा आकृतींनीं दाखविलें: माणूस म्हणजे बिंदु, संबंध म्हणजे रेघ. मग पाहावयाचें दोन प्रकारें. कोणाला किती रेघा येऊन मिळतात, हें एक. आणि कोणता बिंदु पुसला असतां आकृति दुभंगते, हें दुसरें. पहिलें मोजणें सोपें, आणि माणसाच्या अहंकारास गोडहि.

गेल्या दिवाळींत आम्हीं आमच्या कुळाची अशी आकृति काढली. गेल्या १० वर्षांत ज्यांचें एकमेकांकडे जाणें-येणें, पत्र किंवा फोन झाला, त्यांच्यामध्यें रेघ. सर्वांत अधिक रेघा आमच्याच बिंदूला आल्या. प्राध्यापकाला दुसरें काय हवें! कारंज्याच्या आत्याला रेघा अवघ्या चार. पण वडिलांचें आणि काकांचें विहिरीवरून बिनसल्यापासून रिसोडचें घर आणि आमचें घर यांमध्यें एकहि सरळ रेघ नव्हती. बारसें, आजारपण, मुंजीचा मुहूर्त, सारें कारंज्यावरून फिरून येई. आत्या जाऊन तीन वर्षें झालीं. आम्हीं तिचा बिंदु रबरानें पुसला. कागदावर दोन पुंजके राहिले. आणि चुलतभावाच्या मुलीचें लग्न झालें कीं नाहीं, हेंहि आम्हांस ठाऊक नाहीं, असें तेव्हां ध्यानांत आलें.

परवां रिसोडास पत्र टाकलें. पत्ता आत्याच्या वहींत मिळाला.