फुगवायची होडी

2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेनं 57 फुटांची पातळी ओलांडली आणि मी एक रबरी होडी विकत घेतली. ही म्हणाली, "आधी पोहायला शिका." 2021 साली पूर पुन्हा आला, तेव्हा होडी माळ्यावर होती आणि आम्ही विट्याला, मेव्हण्याकडे.

मग माझी बदली म्हसवडला झाली. म्हणजे माणदेशात, जिथं पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो! पण इंग्रजांच्या अमदानीत माण नदी अडवून केलेला राजेवाडीचा अवाढव्य तलाव तिथं आहे, सातारा-सांगलीच्या हद्दीवर. एका रविवारी सायकलच्या पंपानं पाऊण तास होडी फुगवली. ती फुगली, मी आटलो.

काठापासून वीस हात गेलो नाही तोच वारा सुटला. असल्या होडीला वजन नसतं; वल्हं मारावं तर जागच्या जागी गिरकी घेते. काठावरची ही लहान लहान होत गेली. तिच्या हाका ऐकू येईनात, तेव्हा मात्र पोटात गोळा आला. विम्याचा हप्ता भरलाय का, हेही आठवेना. (आणि म्हणे मी बँकेत!)

तासाभरानं पलीकडं बाभळीच्या काट्यांत अडकलो. होडी फुस्स. मेंढरं राखणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठनं आला म्हणायचं?"

"सातारा जिल्ह्यातनं."

"मग येष्टीनं यायचं की वो!"

ही आली ती कुणाच्या तरी मोटारसायकलवरून, पदरानं डोळे पुसत. माझ्याकडं न बघता ती आधी होडीवर उभी राहिली आणि उरलीसुरली हवा काढली.