जोडीचा बैल

खानदेशातला शहाणा शेतकरी दोन नवे गोऱ्हे एकदम जुवाला जुंपत नाही. नव्याच्या जोडीला तो एखादा मुरलेला बैल देतो. मुरलेला बैल काही शिकवीत बसत नाही. तो आपला चालतो, आणि त्याच्या चालीने चालता चालता गोऱ्ह्याला सरळ चालणे उमगते. बैलाच्या बाबतीत आपण हे शहाणपण पाळतो. बैलाच्या डॉक्टरच्या बाबतीत मात्र ते आपल्याला सुचत नाही, याची मला गंमत वाटते.

परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, नागपूरचे १९५८ चे. अशा ठिकाणी साडेपाच वर्षे काढलेला मुलगा, आणि आता मुलीही पुष्कळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या दवाखान्यात येऊन पडतो. आवारात लोखंडी खोडा, आत लसींचा फ्रीज, व्रणोपचारकाची एक खुर्ची, आणि भोवती गावेच गावे. कागदोपत्री तो पहिल्याच दिवशी साहेब झालेला असतो. साहेबाने कोणाला काय विचारायचे?

पुस्तकात जनावर नेहमी उजेडात उभे असते. प्रत्यक्षात ते रात्री दोन वाजता, गोठ्याच्या कोपऱ्यात, विजेरीच्या उजेडात आडवे पडलेले असते. पाऊस ओढला की कोवळी ज्वारी खाऊन गाय धापा टाकू लागते. सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट शिरेतून द्यायचे, हे परीक्षेत लिहून झालेले असते. पण शीर सापडेपर्यंत मागे उभा असलेला म्हातारा अहिराणीत विचारतो, "भाऊ, ढोर वाची का?" हा प्रश्न कोणत्याही परीक्षेत आलेला नसतो.

मी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत तीस वर्षे ही नोकरी केली. आता निवृत्त होऊन धुळ्यास असतो. शिरपूर तालुक्यात पहिलीच नेमणूक झालेली एक मुलगी मला अधूनमधून रात्री फोन करी. एकदा म्हशीच्या गर्भाशयाला पीळ पडला होता. अशा वेळी म्हशीला पिळाच्या बाजूवर निजवून, कुशीवर फळी दाबून, त्याच बाजूला लोळवतात. तिला हे सारे ठाऊक होते. ती बोलत गेली, मी 'हं' म्हणत गेलो. म्हैस सुटली.

पुढे एक म्हैस मात्र हाती लागली नाही. ताजी व्यालेली, कर्ज काढून घेतलेली. दुसऱ्या दिवशी फोनवर मुलीचा आवाज अगदी शांत होता.

"सर, मी राजीनामा लिहिलाय."

मी उपदेश केला नाही. एस.टी. धरून तिच्याकडे गेलो आणि म्हटले, "आधी त्या घरी जाऊन येऊ." दारात कोणी बोलेना. दावे मोकळेच पडले होते. मग घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, पारडू दूध घेत नाही. पाहा बरं." ती पोर तिथेच खाली बसली, आणि बोटे दुधात बुडवून तिने पारडाच्या तोंडात दिली. राजीनाम्याचे काय झाले, ते मी विचारले नाही. ती अजून तिथेच आहे.

४ ऑगस्ट २०२२ रोजी रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी लम्पी चर्मरोग आढळला; राज्यातल्या त्या वर्षीच्या साथीची ती सुरुवात. शेळ्यांच्या देवीची लस घेऊन नवी पोरे गोठ्यागोठ्यांतून हिंडली. तेव्हा मात्र जुने आणि नवे एकाच जीपमध्ये होते. माझ्या मनात आले, साथ मिळायला साथच यावी लागते काय?

ब्रिटनमध्ये २०२१ पासून नव्या पदवीधराला कामाच्या जागीच एक अनुभवी सल्लागार देण्याची व्यवस्था आहे. आपल्याकडे त्यासाठी फार मोठी योजना हवी, असे मला वाटत नाही. पहिले वर्षभर रात्री उचलला जाईल असा एक फोन, पहिल्या अवघड वेताच्या वेळी शेजारी एक माणूस, आणि पहिले जनावर दगावल्यावर दुसऱ्या दिवशी चहाला बोलावणारे कोणी तरी, एवढे पुरे. ज्ञान या मुलांपाशी आमच्याहून अधिकच आहे.

माझा फोन अजून उशाशी असतो. झोपमोड होते, नाही असे नाही. पण म्हाताऱ्या बैलाला आता दुसरे काम तरी काय उरले आहे?